तपकिरी तुडतुड्यांपुढे कोणता भातवाण तग धरतो, हे तपासण्याची रीत

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांत दसऱ्याच्या आसपास निमगरवी (मध्यम मुदतीची) आणि गरवी (उशिरा तयार होणारी) भाते निसवून, म्हणजे लोंब्या बाहेर टाकून, दाणा भरू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या पाणथळ खाचराच्या मधोमध परातीएवढा पिवळा ठिपका उमटतो. चार-सहा दिवसांत तो गोल पसरत जातो, भात वाळून जागच्या जागी बसते, आणि बांधावरून पाहणाऱ्याला वाटते की पाणी कमी पडले किंवा करपा आला. खाचरात उतरून चूड, म्हणजे भाताच्या रोपांचा झुबका, दोन्ही हातांनी फाकवला की खरे कारण दिसते. पाण्याच्या पातळीपासून चार बोटे वर, बुंध्याला चिकटून, तांदळाच्या कणीएवढे तपकिरी किडे दाटीने बसलेले असतात, आणि उजेड पडताच उडी मारण्याआधी ते खोडाला वळसा घालून तिरके सरकत पलीकडच्या बाजूला लपतात.

हा तपकिरी तुडतुडा. तो खोडात सोंड खुपसून झाडाचा अन्नरस शोषतो आणि वरून फवारलेले औषध बुंध्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे फवारणीला पुरेशी दाद देत नाही. त्याची एक पिढी साधारण २५ ते ३० दिवसांत पुरी होते. त्यामुळे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात कापणीला येईपर्यंत किडीची संख्या फारशी वाढलेली नसते, पण शेतात महिनाभर जास्त उभ्या राहणाऱ्या गरव्या भातावर आणखी एक पिढी तयार होते आणि नुकसान तेथेच सर्वाधिक होते. म्हणून आपल्या भागात गरवे किंवा निमगरवे वाण लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘हा वाण तुडतुड्याला प्रतिकारक आहे’ या एका वाक्याचे मोल फार असते, आणि म्हणूनच ते वाक्य पारखून घेण्याची रीत त्याच्या हाती असावी, असे मला मनापासून वाटते. वेगवेगळ्या वाणांची रोपे ट्रेमध्ये ओळींनी वाढवायची, त्यांवर तुडतुडे सोडायचे आणि कोणती ओळ टिकते ते पाहायचे, अशी ही चाचणी शेतकरी गट, कृषी किंवा वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळा एका ट्रेमध्ये, महिनाभरात करू शकतात. मुरबाडच्या बाजूला काही हंगाम अशा चाचण्या करताना जे हाती लागले आणि जे चुकले, त्याच्या आधारे पुढील रीत लिहीत आहे.

प्रतिकारकता हा वाणाचा एकट्याचा गुण नसतो. विशिष्ट वाण आणि विशिष्ट ठिकाणची कीड यांच्या गाठीत ती ठरते, ही गोष्ट आधीच मनात पक्की करावी. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तयार झालेला आयआर-२६ हा वाण १९७३ साली तुडतुड्याला प्रतिकारक म्हणून प्रसारित झाला. त्याच्यात बीपीएच-१ हे प्रतिकारक जनुक होते. दोन-तीन वर्षांतच त्या वाणावर सहज जगणारे तुडतुडे वाढले, आणि १९७६ मध्ये बीपीएच-२ जनुक असलेला आयआर-३६ पुढे आणावा लागला. ही दोन जनुके ज्या मुडगो आणि एएसडी-७ या वाणांतून घेतली, ते मूळचे भारतीयच. पण भारतातील तुडतुडे या दोन्ही जनुकांना जुमानत नाहीत. म्हणजे परदेशातील किंवा दुसऱ्या राज्यातील चाचणीचा निष्कर्ष आपल्या खाचराला जसाच्या तसा लागू होईलच, असे नाही. आपल्या शिवारातला तुडतुडा आपल्या ट्रेमध्ये सोडला, तरच आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

तुलनेच्या दोन ओळी

साऱ्या चाचणीचा भार दोन तुलनेच्या वाणांवर असतो. पहिला म्हणजे हमखास बळी पडणारा ताइचुंग नेटिव्ह-१, ज्याला सगळे टीएन-१ म्हणतात. १९६०च्या दशकात भारतात आलेला हा बुटका वाण आपल्याला परका नाही, कारण कोकणात घरोघरी माहीत असलेल्या, १९६८ साली प्रसारित झालेल्या ‘जया’चा तो एक जनक आहे. दुसरा म्हणजे केरळमधील पट्टांबी येथील पीटीबी-३३, जो आपल्याकडील तुडतुड्यांपुढेही चांगला टिकतो आणि प्रतिकारक वाण कसा दिसावा याचे माप म्हणून देशभर वापरला जातो.

टीएन-१ची ओळ मेली नाही, तर किडे कमी पडले असे समजावे. पीटीबी-३३ची ओळही मेली, तर किडे अति झाले, चाचणी लांबली किंवा बियाणे भेसळीचे होते असे समजावे. दोन्ही बाबतींत त्या ट्रेमधील बाकीच्या कोणत्याही ओळीबद्दल काहीही बोलू नये. हे शिस्तीने पाळणे कठीण जाते, कारण तोपर्यंत महिनाभराची मेहनत झालेली असते आणि आपला आवडता वाण हिरवागार उभा असतो. तरीही ट्रे बाद करावा. या दोन्ही वाणांचे शुद्ध बियाणे मिळवण्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील भात संशोधन केंद्राकडे किंवा हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेकडे, चाचणीचा हेतू स्पष्ट लिहून, गटाच्या किंवा महाविद्यालयाच्या नावाने विचारणा करावी, आणि ही विचारणा पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी.

किडे गोळा करणे आणि वाढवणे

तुडतुडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सहज मिळतात. फवारणी न झालेल्या, दाट लावणीच्या, पाणी साचणाऱ्या खाचरात सकाळी उतरावे आणि काचेच्या बाटलीच्या बुचात दोन नळ्या बसवून केलेल्या साध्या ओढनळीने ते उचलावेत. तोंडात धरायच्या नळीच्या आतल्या टोकाला मलमलीचा तुकडा घट्ट बांधलेला असावा. शेताजवळच्या रस्त्यावरील दिव्याखाली रात्री जे तुडतुडे जमतात ते लांब पंखांचे, स्थलांतर करणारे असतात. ते चालतील, पण खाचरातल्या आखूड पंखांच्या, फुगीर पोटाच्या माद्या अधिक अंडी घालतात, त्यामुळे पैदाशीसाठी त्याच घ्याव्यात.

गोळा केलेल्यांत दुसऱ्या जाती मिसळलेल्या असतातच. हिरवे तुडतुडे रंगावरून लगेच वेगळे काढता येतात. पांढऱ्या पाठीचा तुडतुडा मात्र फसवतो, कारण तो आकाराने आणि बसण्याच्या जागेने तपकिरी तुडतुड्यासारखाच असतो; भिंगाखाली त्याच्या पाठीवर, पंख जिथून सुरू होतात त्या दोन ठिकाणांमध्ये, पांढरट पट्टा दिसतो. असा एकही किडा पैदाशीच्या पिंजऱ्यात जाऊ देऊ नये. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याला प्रतिकार करणारी जनुके वेगळी असतात, आणि मिश्र किड्यांवर घेतलेला निष्कर्ष कोणत्याच किडीबद्दल काही सांगत नाही. मी तर प्रत्येक मादी एकेकटी परीक्षानळीत घेऊन, भिंगाखाली पाहून मगच आत सोडण्याचा आग्रह धरतो. शंभर माद्यांना दोन तास लागतात आणि ते दोन तास सत्कारणी लागतात.

किड्यांइतकेच लक्ष त्यांच्या शत्रूंवर ठेवावे. खाचरातून आणलेल्या रोपांबरोबर कोळी येतात आणि हिरवा मिरिड ढेकूण येतो. हा बारीक, हिरवट ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोधून शोषतो. शेतात तो आपला मोठा मित्र आहे, पण पैदाशीच्या पिंजऱ्यात एक जोडी शिरली तरी पिढी बसते. पहिल्या वर्षी आमच्या पिंजऱ्यात तीन आठवडे पिल्लेच दिसेनात. हवामान, खत, पाणी असे सगळे तपासून झाल्यावर एका विद्यार्थिनीने कुंडीच्या काठावर हा ढेकूण पाहिला. तेव्हापासून शेतातील रोपे पिंजऱ्यात नेणे आम्ही बंद केले. फक्त ओढनळीतले किडे आत जातात आणि खाद्य म्हणून कुंडीत, जाळीखाली वाढवलेली टीएन-१चीच रोपे दिली जातात.

पैदाशीसाठी ३० ते ४५ दिवसांची टीएन-१ची रोपे लावलेल्या चार-पाच कुंड्या, पाणी भरलेल्या पसरट भांड्यात ठेवून, बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीच्या पिंजऱ्यात ठेवाव्यात. मच्छरदाणीची साधी जाळी येथे उपयोगाची नाही, कारण नुकतेच बाहेर आलेले पिल्लू मिलिमीटरहूनही लहान असते आणि त्यातून सहज निसटते. पाण्याचे भांडे दोन कामे करते: रोपे सुकत नाहीत आणि मुंग्या चढत नाहीत. जागा सावलीची, वारा खेळता असलेली असावी. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि दमट हवा तुडतुड्याला मानवते. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली पिंजरा ठेवला, तर पिल्ले दुपारीच मरतात.

एका वयाची पिल्ले मिळणे हा या टप्प्याचा खरा उद्देश आहे. त्यासाठी १०० ते १५० अंडीधारी माद्या ताज्या कुंड्यांवर तीन दिवस ठेवाव्यात आणि नंतर सगळ्या काढून घ्याव्यात. माद्या खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणात चिरा पाडून अंड्यांच्या ओळी घालतात. त्या जागी तपकिरी रेघा दिसू लागल्या की काम झाले. सात ते नऊ दिवसांत अंडी फुटतात आणि त्यानंतर तीन ते सहा दिवसांनी बहुतेक पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत येतात. तुडतुड्याच्या पिल्लांच्या एकूण पाच अवस्था असतात. चाचणीसाठी दुसरी-तिसरी उत्तम, कारण ती भरपूर खातात आणि चाचणी संपेपर्यंत प्रौढ होऊन अंडी घालू लागत नाहीत. माद्या सोडल्याचा दिवस पहिला धरला, तर पिल्ले साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी तयार होतात. म्हणून चाचणीचे बियाणे सहाव्या-सातव्या दिवशी पेरावे. हे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवावे, कारण रोपे तयार आणि किडे नाहीत, किंवा किडे तयार आणि रोपे चार दिवसांची, ही नवख्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक आहे.

ट्रे आणि पेरणी

६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि सुमारे १० सेंमी खोल असा ट्रे घ्यावा. पत्र्याचा असो वा प्लास्टिकचा, तळाला छिद्रे असावीत आणि तो दुसऱ्या मोठ्या, उथळ, पाणी भरलेल्या ट्रेमध्ये बसावा. माती आपल्याच खाचरातील, पण यंदा कीटकनाशक न पडलेल्या जागेची घ्यावी, वाळवून चाळावी, आणि तिच्यात युरिया अजिबात घालू नये. नत्र वाढले की रोप लुसलुशीत होते आणि तुडतुड्याचे फावते, हे शेतात सगळेच पाहतात. ट्रेमध्ये एका कोपऱ्यात जरी युरियाचे चार दाणे जास्त पडले, तरी त्या कोपऱ्यातील ओळ नाहक बदनाम होते.

मातीवर पट्टी दाबून रुंदीच्या दिशेने साडेचार सेंमी अंतरावर १३ सऱ्या पाडाव्यात. दोन्ही टोकांच्या सऱ्यांत टीएन-१ आणि मधल्या, म्हणजे सातव्या सरीत पीटीबी-३३ टाकावा. उरलेल्या दहा सऱ्या मध्यावर दुभागल्या की २० सेंमी लांबीच्या वीस अर्ध्या ओळी मिळतात. मोठ्या संशोधन केंद्रात या वीस जागांवर वीस वेगळे वाण बसवून अनेक ट्रे लावतात. शेतकरी गटाने तो मोह टाळावा आणि सहाच वाण घ्यावेत, प्रत्येक वाण तीन वेगवेगळ्या जागी पेरावा आणि उरलेल्या दोन जागांवर पुन्हा टीएन-१ टाकावा. कोणता वाण कोणत्या जागी जाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आवडता वाण मध्यभागी आणि नावडता कडेला, असे हात नकळत करतो; कडेला माती लवकर सुकते, प्रकाशाच्या बाजूला किडे जास्त जमतात, आणि चिठ्ठीशिवाय या फरकांचा भार एकाच वाणावर पडतो. ट्रेवर वाणाचे नाव न लिहिता क्रमांक लिहावा आणि क्रमांकांची यादी गुण देणाऱ्यापासून वेगळी ठेवावी.

बियाण्याबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. बाजारातील पाकीटबंद बियाण्याला पुष्कळदा औषध चोळलेले असते, आणि त्यात आंतरप्रवाही कीटकनाशक असेल, तर ते रोपात उतरून तुडतुड्यांना मारते. एका वर्षी आमच्या ट्रेमध्ये एक वाण पीटीबी-३३पेक्षाही सरस दिसला. आनंद झाला, फोटो काढले गेले. मग ओळीच्या पायथ्याशी वाकून पाहिले, तर ओल्या मातीवर पिल्ले मेलेली पडली होती, आणि तीही सोडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी. खऱ्या प्रतिकारक ओळीत असे सहसा होत नाही: तेथे पिल्ले अस्वस्थपणे इकडेतिकडे फिरतात, शेजारच्या ओळीवर जातात, वाढीत मागे राहतात, पण एका रात्रीत रांगेने मरत नाहीत. चौकशी केली, तेव्हा ते बियाणे दुकानातून आणलेले, औषध चोळलेले निघाले; धुतल्याने रंग गेला होता, पण औषध गेले नव्हते. चाचणीसाठी नेहमी घरचे किंवा केंद्रातून मागवलेले, कोणतेही औषध न लावलेले बियाणेच घ्यावे.

बी चोवीस तास भिजवून, ओल्या गोणपाटात मोड आणून, मगच पेरावे. कोरडे बी पेरल्यास उगवण मागेपुढे होते आणि उशिरा उगवलेले कोवळे रोप आधी मरते; ते त्याच्या वयामुळे मेले की वाणाच्या दुबळेपणामुळे, हे नंतर कळायला मार्ग नसतो. जुन्या देशी वाणांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यांचे घरचे बियाणे कधी कधी दोन वर्षांचे असते. अर्ध्या ओळीत २५ मोड आलेले दाणे टाकावेत आणि पाचव्या दिवशी विरळणी करून नेमकी २० निरोगी रोपे ठेवावीत. तुलनेच्या पूर्ण ओळींत ४० ठेवावीत. ज्या ओळीत १५पेक्षा कमी रोपे उरतील, ती मोजणीतून वगळावी.

किडे सोडणे

पेरणीनंतर सात ते दहा दिवसांनी, रोप दोन-तीन पानांवर असताना, ट्रेवर जाळीचा पिंजरा ठेवून पिल्ले सोडावीत. प्रत्येक रोपामागे ८ ते १० पिल्ले हे प्रमाण आहे. आपल्या ट्रेमध्ये सुमारे ५२० रोपे असतील, तर ४,२०० ते ५,२०० पिल्ले लागतात. एवढी मोजत बसणे शक्य नसते. कुंडीतील रोपे हलकेच ट्रेवर झटकत जावे, एका ठिकाणी न थांबता पुढे सरकत राहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेच्या दहा वेगवेगळ्या जागांवरची रोपे निवडून त्यांवरील पिल्ले मोजावीत. सरासरी आठच्या खाली आली, तर विरळ भागात आणखी पिल्ले सोडावीत.

यानंतर रोज तीन कामे: खालच्या ट्रेमधील पाणी टिकवणे, ट्रे अर्धा फिरवून उजेडाची बाजू बदलणे, आणि कोळी दिसला तर काढणे. पाणी वरून शिंपडू नये. पिल्ले वाहून जातात.

गुण केव्हा आणि कसे द्यावेत

टीएन-१ची सुमारे ९० टक्के रोपे मेली, की त्याच दिवशी साऱ्या ओळींना गुण द्यावेत. किडे जोमदार असतील, तर हा दिवस सोडल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान येतो. आदल्या संध्याकाळी ७० टक्के रोपे मेलेली दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा पाहावे, कारण शेवटचा टप्पा फार वेगाने जातो आणि एक दिवस उशीर झाला, तर मध्यम प्रतिकारक वाणही बळी पडलेल्यांत जमा होतो.

गुणांची आंतरराष्ट्रीय पट्टी ० ते ९ अशी आहे आणि तिच्यात गुण जितका कमी तितका वाण चांगला. रोपांना काहीच इजा नसेल तर ०, अगदी किरकोळ इजा असेल तर १. बहुतेक रोपांची पहिली-दुसरी पाने अंशतः पिवळी झाली असतील तर ३. पिवळेपणा ठळक असून वाढ खुंटली असेल, किंवा जवळपास निम्मी रोपे सुकत असतील वा मेली असतील तर ५. निम्म्याहून अधिक मेली किंवा सुकत असून उरलेली खुरटलेली, मरायला टेकलेली असतील तर ७, आणि सगळी मेली असतील तर ९. वाणाच्या तिन्ही ओळींच्या गुणांची सरासरी ३पर्यंत आली तर तो प्रतिकारक, ३ ते ५च्या दरम्यान मध्यम प्रतिकारक, ५ ते ७ मध्यम बळी पडणारा आणि त्यापुढे बळी पडणारा समजावा. समजा, एखाद्या वाणाला ३, ५ आणि ३ असे गुण मिळाले, तर सरासरी ३.७ येते आणि तो मध्यम प्रतिकारक ठरतो. पण गुण १, ९ आणि १ असे आले, तर सरासरी तेवढीच, ३.७ येऊनही निष्कर्ष काढू नये. ९ आलेल्या ओळीत काय बिघडले, बियाण्यात भेसळ होती का, ते शोधावे. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि फरक पडला तर ओळ पुन्हा एकत्र पाहावी.

एकाच ट्रेवर विसंबू नये. नव्या पैदाशीच्या किड्यांवर संपूर्ण चाचणी निदान एकदा पुन्हा करावी, आणि दोन्ही वेळा जो वाण टिकला त्यालाच पुढे न्यावे.

ट्रे जे सांगू शकत नाही

या चाचणीतील मोठी मर्यादा अशी की ट्रेमध्ये किड्याला निवड असते. शेजारी टीएन-१ असताना पिल्लांनी एखाद्या वाणाकडे पाठ फिरवली, तर तो वाण सुटतो. पण शेतात सगळीकडे तोच एक वाण लावला की किड्याला दुसरीकडे जायला जागा नसते. म्हणून ट्रेमध्ये टिकलेल्या वाणांना निवड न देता तपासावे. वाण तीन कारणांनी टिकतो: किडीला ते झाड आवडत नाही, किंवा त्या झाडावर तिची वाढ आणि प्रजनन खुंटते, किंवा किडे असूनही झाड तग धरते. यांपैकी कोणते कारण आहे, हे कळल्यास पुढचा निर्णय सोपा होतो.

यासाठी सर्वांत सोपी रीत पिल्ले जगण्याची. ३० दिवसांचे एक-एक रोप कुंडीत घेऊन त्यावर पारदर्शक प्लास्टिकची नळकांडी, वर जाळी लावून, बसवावी आणि नुकतीच बाहेर आलेली २० पिल्ले आत सोडावीत. १५ ते २० दिवसांनी किती प्रौढ झाली ते मोजावे. टीएन-१वर त्यांतील बहुतेक प्रौढ होतात. प्रतिकारक वाणावर पुष्कळ कमी होतात आणि जी होतात ती उशिरा होतात. प्रत्येक वाणाची किमान पाच रोपे असावीत.

दुसरी रीत मधुरसाची, आणि ती पाहताना विद्यार्थी अक्षरशः हरखून जातात. तुडतुडा जितका रस पितो, तितका गोड द्रव खाली टाकतो; शेतात त्याच द्रवावर काळी बुरशी चढते. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगद्रव्यात बुडवून वाळवलेला गाळणकागद रोपाच्या बुंध्याशी, मध्ये चीर देऊन, पसरावा. त्यावर प्लास्टिकचा पेला उपडा ठेवावा, आणि दोन तास उपाशी ठेवलेल्या पाच माद्या आत सोडून २४ तासांनी कागद काढावा. पिवळसर कागदावर निळे ठिपके उमटलेले दिसतात. अन्नवाहिनीतील रस पचवून टाकलेला हा द्रव असतो. आलेखकागदावर ठेवून ठिपक्यांचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजावे. टीएन-१खालचा कागद निळ्या डागांनी भरलेला आणि पीटीबी-३३खालचा जवळजवळ कोरा, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवले की प्रतिकारकता म्हणजे काय, ते शेतकऱ्याला एका नजरेत समजते. ट्रेमध्ये टिकलेल्या वाणाखालचा कागद मात्र भरपूर निळा आला, तर तो वाण किड्याला रोखत नाही, सहन करतो. असा वाण वाईट नव्हे, पण त्याच्यावर किडे वाढत राहतात आणि शेजारच्या खाचराला त्रास देतात, हे लक्षात घ्यावे.

रोपावस्थेतील उत्तर निसवलेल्या भाताला लागू पडतेच असेही नाही. काही वाण लहानपणी दुबळे आणि मोठेपणी सोशिक असतात. म्हणून पुढच्या खरिपात निवडलेल्या दोन-तीन वाणांचे छोटे तुकडे, दरवर्षी तुडतुडा येणाऱ्या खाचराच्या कडेला लावावेत, त्यांच्या बाजूंनी टीएन-१च्या दोन ओळी द्याव्यात, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून दर आठवड्याला प्रत्येक तुकड्यातील दहा चुडांच्या बुंध्याशी बसलेले किडे मोजावेत. शेजारच्या मुख्य पिकात चुडामागे दहाच्या आसपास किडे दिसू लागले, तर चाचणीचा विचार न करता खाचरातील पाणी काढावे आणि पीक वाचवावे. कुणाच्या वर्षभराच्या भातापेक्षा आपली नोंद मोठी नाही.

आवराआवर

गुण देऊन झाले की पिंजरा उघडण्यापूर्वी संपूर्ण ट्रे साबणाच्या पाण्यात बुडवावा आणि दुसऱ्या दिवशी रोपे उपटून मातीत खोल पुरावीत. दुसऱ्या तालुक्यातून आणलेले जिवंत किडे आपल्या शिवारात कधीही सोडू नयेत. जे वाण पुढे नेणार, त्यांच्या बियाण्याच्या पिशवीवर नुसते ‘प्रतिकारक’ असे लिहू नये. चाचणीचा महिना व वर्ष, किडे कोणत्या गावच्या खाचरातून आणले, टीएन-१ कितव्या दिवशी मेला, पीटीबी-३३चा गुण किती आणि या वाणाच्या तिन्ही ओळींचे गुण किती, एवढे पक्क्या शाईने लिहावे, आणि तोच मजकूर कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून पिशवीच्या आतही टाकावा, कारण पावसाळ्यात बाहेरची अक्षरे पुसली जातात.